साडेतीन मुठी मीठ

कोट बेला गावच्या गुरुद्वाऱ्यात डाळीची देग, म्हणजे तो अवाढव्य हंडा, चुलीवर चढली की तिच्यात मीठ टाकायचं ते बचिंत कौरनेच. बावीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. लंगरच्या पंगतीचं अन्न अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, होईपर्यंत कुणी चाखायचं नाही, बोट बुडवून जिभेला लावायचं नाही, असा नियम. म्हणजे तीनशे माणसांच्या डाळीला मीठ किती, हे जिभेला विचारायची सोय नाही. हातालाच कळायला हवं. बचिंतच्या हाताला कळायचं. मोठ्या देगेला साडेतीन मुठी. तीन मुठी टाकून झाल्या की ती डोळे मिटून 'वाहेगुरू' म्हणायची आणि उरलेली अर्धी मूठ इतक्या हळू सोडायची, की बघणाऱ्याला वाटावं, तान्ह्या मुलाच्या कपाळावरून हात फिरवतेय.

पंगत बसली की म्हातारे चनण सिंग डाळ ओरपायचे, वर दोन ग्लास पाणी प्यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "आनंद आला, बीबी."

"माझं काय त्यात. सेवा गुरूची," बचिंत म्हणायची. आणि तो आनंद ओढणीच्या टोकाला बांधल्यासारखा घरी न्यायची आणि पुढच्या रविवारपर्यंत पुरवायची. घरी तिची डाळ खायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मुलगा इटलीत दुसऱ्याच्या गाईंच्या धारा काढत होता, आणि एकटीसाठी मूठभर डाळ शिजवायला घेतली तर मिठाचा अंदाजच यायचा नाही.

वैशाखीच्या सुमाराला लखबीर आली. तिचा नवरा फौजेतून निवृत्त होऊन गावी परतला, आणि ही त्याच्या मागोमाग सतरा छावण्यांचं पाणी प्यायलेली, चाळिशीची, हसतमुख बाई. पहिल्याच बुधवारी बायकांच्या कीर्तनात तिने ढोलकी मांडीवर ओढली आणि अशी वाजवली की पोथी वाचणारे ग्रंथीसाहेब बाहेर येऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी ती स्वयंपाकघरात आली. तिसऱ्या रविवारी रोट्या लाटणाऱ्या बायका तिच्या विनोदांवर हसून हसून तव्यावर रोट्या जाळायला लागल्या होत्या. चौथ्या रविवारी ती बचिंतला म्हणाली, "चाची, छोटी देग मी बघू का? तुम्ही दमता."

"मी दमले असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मीच म्हणतेय."

"मग तूच ऐक," बचिंत म्हणाली. पण सेवेला नाही कसं म्हणणार? सेवा काय कुणाच्या बापाची असते? छोटी देग लखबीरकडे गेली.

छोटी देग आधी संपायला लागली.

बचिंत रोज पहाटे न चुकता पाठ करायची. मनुष्याला लुटणारे पाच चोर कोणते, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं: काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार. मत्सर त्या यादीत नाही, हे एका पहाटे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला जरा बरंच वाटलं. त्या दिवशी तिने मन मोकळं करून लखबीरचा हेवा केला. तिच्या ओढणीचा केला, जी वाफेत उभं राहूनही चुरगळत नव्हती. तिच्या गुडघ्यांचा केला, जे बसताना उठताना कुरकुरत नव्हते. जेवायला तिची वाट बघत बसणाऱ्या तिच्या नवऱ्याचा केला. आणि सगळ्यात जास्त केला त्या "चाची"चा, जी ती इतक्या गोड गळ्याने म्हणायची की तिला धड तोडूनही बोलता येत नव्हतं.

गुरुपुरबाच्या, म्हणजे गुरूंच्या जयंतीच्या, आठ दिवस आधी लंगरची व्यवस्था बघणारे भाई मेवा सिंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चांगला माणूस, पण अवघड बोलायचं असलं की छताकडे बघत बोलायचा.

"बीबी, तुमचा गुडघा फार सुजलाय," ते छताला म्हणाले.

"असू दे. देग गुडघ्याने ढवळत नाही मी."

"गुरुपुरबाला तुम्ही बसून सेवा करा. कांदे आहेत, मुळे आहेत. मोठी देग लखबीर सांभाळेल. आणि सगळं नीट पार पडलं तर... कोठीची किल्लीही तिच्याकडेच द्यावी म्हणतो. किती धावपळ करणार तुम्ही आता."

कोठीत पीठ, डाळ, तूप, मीठ असायचं, आणि तिची किल्ली बावीस वर्षं बचिंतच्या सलवारीच्या नाडीला बांधलेली होती. इतकी वर्षं, की कमरेवर तेवढ्या जागी तिचा ठसा पडला होता. बचिंतने किल्लीवर हात ठेवला. "गुरूची मर्जी," ती म्हणाली. 

मेवा सिंग गेल्यावर शेजारची दर्शो लाटणं थांबवून म्हणाली, "मी काही म्हणत नाही हं. पण गुडघा तर तुझा चार वर्षांपासून सुजलाय."

"तेच म्हणते मी."

"मी काही म्हणतच नाही," दर्शो म्हणाली आणि भराभर लाटायला लागली.

गुरुपुरबाच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की गुरुद्वाऱ्याचं निशाण अर्ध्यापासून वर दिसतच नव्हतं. बचिंत भिंतीला टेकून, पाय लांब करून, कांद्याच्या ढिगापुढे बसली. नजर मात्र देगेवर. बाकीच्या बायका बाहेर पत्र्याच्या शेडखाली तव्याभोवती. आत चुलीशी एकटी लखबीर. बचिंत बघत राहिली. हळद पडली. आलं पडलं. बरोबर पडलं, याचाही राग आला. बचिंतने सकाळीच उघडून ठेवलेल्या कोठीतून लखबीरने मीठ आणलं, परातीत ओतलं, परात ओट्यावर ठेवली, बाह्या मागे सारल्या, मूठ भरायला हात पुढे केला...

"लखबीर," दारातून कुणीतरी हाक मारली, "ढोलकीवाली अजून आली नाही. दोन शबद वाजवून जा, वर जमलेली संगत खोळंबलीय."

लखबीरने हात झटकले, देगेवर झाकण टाकलं आणि गेली.

वरून ढोलकी ऐकू येऊ लागली. बचिंत कांदे चिरत राहिली. बाई वाजवायची फार सुरेख, त्यात काही शंका नव्हती. दोनाचे चार शबद गाऊन झाले. अर्ध्या तासाने लखबीर परत आली ती गाल लाल, कपाळावर घाम, अजून कुठल्यातरी तालातच. झाकण काढलं, डाळ ढवळली, वास घेतला, आणि तुपात लसूण-मिरची तडतडवून वरून ओतली. धूर उठला. देग झाली.

परात ओट्यावर तशीच होती. मिठाचा ढीग शेंड्यासकट शाबूत.

आता एक शब्द पुरला असता. 'मीठ.' अर्धा शब्दही पुरला असता, नुसतं 'मी' म्हटलं असतं तरी तिने मान वळवली असती. बचिंतने सुरी खाली ठेवली. तिने स्वतःला समजावलं की आपल्याला कांद्यांची सेवा दिलीय, देगेत नाक खुपसायची दिलेली नाही. मग लखबीर देग झाल्याचं सांगायला वर गेली तशी बचिंत भिंतीला धरून उठली, आणि इतक्या दुखऱ्या गुडघ्याने लंगडत ओट्याशी गेली, परात उचलली, कोठीत नेली, मीठ पोत्यात परत ओतलं आणि कुलूप लावलं. स्वयंपाकघरात पसारा राहू नये म्हणून, असं तिने मनाला सांगितलं. मनाने ते ऐकून घेतलं, मानलं नाही.

अरदास झाली. डाळीची वाटी गुरु ग्रंथसाहिबांसमोर ठेवून आणली गेली आणि देगेत मिसळली गेली. पंगती बसल्या.

"मी वाढते," बचिंत म्हणाली.

"त्या गुडघ्याने?" दर्शोने विचारलं.

"कांदेच वाढायचेत. कांदे हलके असतात."

तिला चेहरे बघायचे होते. कांद्याची टोपली काखेला लावून ती पहिल्या पंगतीच्या टोकाला उभी राहिली. चनण सिंगांनी रोटीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात घातला. चावायचे थांबले. भुवया किंचित वर गेल्या. बचिंतच्या छातीत ढोलकी सुरू झाली.

चनण सिंगांनी घास गिळला. डोळे मिटले. मग म्हणाले, "बीबी, लोणचं आहे का?"

बस, एवढंच. पंगतीभर हात वर व्हायला लागले: लोणचं, कांदा, अजून कांदा, अजून लोणचं. बचिंतची टोपली तीनदा रिकामी झाली. आंब्याच्या लोणच्याची बरणी, जी एरवी दिवाळीपासून होळीपर्यंत जायची, ती दुसऱ्या पंगतीलाच तळाला लागली. पण डाळीबद्दल शब्द नाही. एका पाच-सहा वर्षांच्या मुलीने तोंड उघडलं, "मम्मी, डाळीत..." आणि आईने तिच्या मांडीवर असा हात दाबला की वाक्य तिथेच बसलं. "लंगर आहे," आई पुटपुटली. "लंगरला नाव ठेवत नाहीत. जेव गुपचूप."

बचिंतला हा नियम काय माहीत नव्हता? तिने स्वतः आपल्या मुलाची मांडी अशीच दाबली होती. पण आजच्या घाईत ती ते विसरूनच गेली होती.

लखबीर डाळीची बादली घेऊन पंगतीतून येत होती. चनण सिंगांनी मिशा पुसल्या.

"आनंद आला, बेटी."

तेच शब्द, त्याच सुरात. 'बीबी'च्या जागी 'बेटी', बाकी काही बदललं नव्हतं. बचिंत टोपली घेऊन जागच्या जागी उभी राहिली. बिनमिठाच्या डाळीने या म्हाताऱ्याला जर आनंद येत असेल, तर बावीस वर्षं ओढणीला बांधून मी घरी नेत होते ते काय होतं?

आणि चनण सिंगांनी आज पाणी मागितलंच नव्हतं, हेही तिला दिसलं.

सगळ्यांत शेवटी सेवेकरी जेवतात. शेडखाली सतरंजीवर बचिंत बसली, आणि तिच्या शेजारी, दुसरीकडे जागा असूनही, लखबीर येऊन बसली. तिने घास घेतला. चावला. पुन्हा चावला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो बचिंतने अगदी जवळून पाहिला. सकाळपासून याच क्षणाची तर ती वाट बघत होती. आता तो आला होता, आणि तिलाच घास गिळवत नव्हता.

"चाची. मीठच नाही."

"नाही."

"तीनशे माणसं जेवून गेली. कुणी एक शब्द बोललं नाही मला."

"लंगरला कोण बोलतं?"

लखबीर थाळीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "तुम्ही समोरच बसला होता."

बचिंतला खोटं सुचलं होतं. कांद्याने डोळ्यांत पाणी होतं, धूर होता, दिसलं नाही. ते तिच्या जिभेवर तयार होतं. पण जीभ म्हणाली, "मी पाहिलं होतं. परात मीच उचलली."

 लखबीर रडली नाही, उठूनही गेली नाही. रोटी मोडत म्हणाली, "मलाही आत्ता तसंच वाटलं. मघाशी ओट्यावर परात दिसली नाही, कोठीला कुलूप, तेव्हा वाटलं होतं, मी मीठ टाकूनच ढोलकीला गेले."

"मग आत्ता सगळ्यांसमोर बोलत का नाहीस?"

"काय बोलू? चाचीने माझं मीठ लपवलं? हसतील लोक." तिने एक घास खाल्ला, कसाबसा. "बेचव म्हणजे किती बेचव आहे हो. आजारी माणसाला देतात तशी."

बचिंतला हसू आलं. तिने ते दाबलं. मग तिने विचारलं, आणि विचारताना किल्लीवर हात होता: "एक सांग. तू वैशाखीपासून माझी डाळ खातेयस. खरं सांग. लंगरचं सांगू नकोस, तुझ्या जिभेचं सांग."

लखबीरने वर बघितलं. "राहू दे ना, चाची."

"आज मी तुझं नुकसान केलंय. तुला माझं एक करायचा हक्क आहे."

"मीठ जास्त असतं," लखबीर म्हणाली. "मी आले तेव्हापासून तरी. माझा नवरा म्हणतो, गुरुद्वाऱ्यातून आलो की घागरभर पाणी लागतं. आणि..." ती थांबली.

"आणि मेवा सिंगांनाही माहीत आहे," बचिंतने वाक्य पुरं केलं.

"त्यांनीच मला छोट्या देगेवर पाठवलं. तुम्हाला सांगायची त्यांची छाती झाली नाही."

म्हणजे गुडघा बिचारा उगाच बदनाम झाला होता. बचिंतने आपला उजवा हात समोर धरला, मूठ वळली, उघडली. मूठ तर तीच होती. पण गेल्या वर्ष-दीड वर्षात घरची डाळही तिला अळणी लागायची, आणि ती वरून घालून घ्यायची. मुलाला फोनवर म्हणालीही होती, हल्लीच्या मिठात दम नाही. मग रविवारी चौथी मूठ कधी पडायला लागली, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. तीन मुठी, वाहेगुरू, आणि मग मनासारखी एक.

"हात दाखव तुझा," ती म्हणाली.

लखबीरने हात पुढे केला. बचिंतने तिची मूठ आपल्या मुठीशेजारी धरली. "लहान आहे. माझ्या साडेतीन म्हणजे तुझ्या चार. आणि ढोलकीला कुणी बोलावलं तर आधी मीठ टाकायचं, मग जायचं. देव ढोलकीवाचून थांबतो थोडा वेळ."

"बरं."

"आणि पुढच्या रविवारी माझ्याच शेजारी बसून जेवायचं. मी तुला खरं सांगेन, तू मला. बाकी कुणी सांगणार नाही आपल्याला."

तेवढ्यात मेवा सिंग आले. छताच्या जागी पत्रा होता, ते पत्र्याकडे बघत म्हणाले, "बीबी, तेवढं किल्लीचं..."

"देते. आधी सांगा, आज डाळ कशी झाली होती?"

मेवा सिंगांनी एकदा लखबीरकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "आनंद आला," ते म्हणाले.

लखबीरने ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलायला लागले. बचिंतने नाडीची गाठ सोडायला घेतली. बावीस वर्षांची गाठ, सहज सुटेना, आणि तिनेही फार घाई केली नाही. शेवटी किल्ली लखबीरच्या तळहातावर ठेवली. लखबीरने ती लगेच आपल्या कमरेला बांधली, एका झटक्यात, छान सुबक गाठ.

ती गाठही बचिंतला आपल्यापेक्षा चांगली वाटली, आणि तिला पुन्हा थोडा राग आला.