लोकरी मोज्यांची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनी ओकची फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. माझं कधी टेबल झालं नाही की दार झालं नाही. घरातली जमीन लाकडी करायची असली की लोक आधी नमुना बघतात, तो नमुना म्हणजे मी. कारखान्यात तारेच्या ब्रशने माझी पाठ घासली, वर अगदी मंद पॉलिश दिलं आणि माझी रवानगी कॅनडातल्या थंडर बे गावातल्या एका दुकानात झाली.

तिथे माझ्या शेजारी एक चकचकीत फळी होती. येणारं गिऱ्हाईक तिच्यात तोंड बघायचं. माझ्यावरून नुसतं बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "ही जरा खरखरीतच आहे, नाही?" मग आम्हाला खाली ठेवून बुटांनीच वर उभं राहायचं. बर्फात चालायचे जाड, दातेरी तळव्यांचे बूट ते! त्यांना काय कळणार? शेजारणीला वाहवा मिळायची आणि मी फडताळावर धूळ खात पडून राहायचे. मला फार वाईट वाटायचं.

एका हिवाळ्यात रेइनोआजोबा आपल्या लेकीला, मार्याला घेऊन दुकानात आले. त्यांची बायको हेल्मी स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरलेल्या फाटक्या लिनोलियमला अडखळून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण इस्पितळात बजावून सांगितलं होतं की घरातली जमीन धड होत नाही तोवर हेल्मीला घरी सोडणार नाही. जमलंच नाही तर वृद्धाश्रम. तेव्हापासून आजोबांना घास गोड लागत नव्हता.

त्यांनी शेजारणीला उचललं. "हीच! हेल्मीने जन्मभर लोकांच्या बंगल्यांतल्या असल्या जमिनी पुसल्या. आता तिच्या घरात असली हवी."

"बाबा, पायाखाली आरसा कशाला? ही साधी बघा ना," मार्याने मला पुढे केलं.

"साधी! आयुष्यभर साधंच दिलं मी तिला."

दुकानातली लोरेन हसून म्हणाली, "आजोबा, भांडता कशाला? दोन्ही घरी न्या. थोडे दिवस राहू द्या. या दिव्यांखाली सगळंच देखणं दिसतं. मीसुद्धा!"

अशी मी त्यांच्या घरी आले. आमच्या गावात बूट घालून कोणी उंबऱ्याच्या आत येत नाही, मग तो पाद्री असो की पोलीस. आजोबांनीही बूट दारात काढले. आत हेल्मीने विणलेले जाड लोकरी मोजे होते. आम्हा दोघींना स्वयंपाकघरात चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवलं आणि आजोबा मोठ्या तोऱ्यात शेजारणीवर चढले. सर्रकन पाय सुटला! ओट्याची कड हाती लागली म्हणून वाचले.

"बघितलंत?" मार्या ओरडली. "दुकानात आपण बूट घालून उभे होतो!"

"मोजे झिजलेत," आजोबा पुटपुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीला फडक्याने पुसून आणखी चमकवलं. हट्टी माणूस!

रविवारी हेल्मीला कॉफीपुरतं घरी आणायची परवानगी मिळाली. ती वॉकर धरून हळूहळू आत आली आणि आमच्याकडे बघून थबकली.

"घरात एक नमुना होताच. हे आणखी दोन कुठून आणलेस?"

आजोबा हसले, पण तिचं लक्ष नव्हतं. बाहेरच्या बर्फावरून उसळून आलेलं ऊन शेजारणीवर पडलं होतं. हेल्मीने डोळ्यांवर हात धरला. "रेइनो, इथे पाणी सांडलंय का रे?"

"पाणी नाही गं, चमक आहे ती. तुला हवी होती ना? त्या बंगल्यातून आलीस की म्हणायचीस, जमिनीत झुंबर दिसतं म्हणून."

हेल्मी त्यांच्याकडे बघतच राहिली. "अरे वेड्या, ती तक्रार होती! एक डाग लपायचा नाही त्या जमिनीवर. गुडघे गेले माझे तिच्यापायी. आणि तू इतकी वर्षं ते मनात धरून बसलास?"

हेल्मीने वॉकर पुढे सरकवला आणि मोज्यातलं पाऊल माझ्यावर ठेवलं. मग दुसरं. तिने भार टाकला. हलून पाहिलं. मग वॉकरवरचा एक हात सोडला.

"पाय धरते रे ही," ती म्हणाली. "हीच घाल. मला घरी यायचंय."

आजोबा मटकन खुर्चीत बसले आणि मोठ्याने रडले. मलाही इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

त्या घरात आता सगळीकडे माझ्या बहिणी आहेत. चिकटपट्टीने माझे कोपरे खरवडले गेले म्हणून दुकानाने मला परत घेतलं नाही. मी दारातल्या बाकाखाली असते, हेल्मीचे बूट माझ्यावर निथळतात.

मित्रांनो, एक विनंती आहे. घरासाठी काही निवडाल तेव्हा ते आधी घरी न्या. तुमच्या उजेडात ठेवा, तुमच्या पायांनी त्यावर चाला आणि ज्याला तिथे वावरायचं आहे त्याला विचारा.

हेल्मी घरी आली तेव्हा ती नुसती उठली तरी पडेल म्हणून आजोबा तिच्यामागे धावायचे. हल्ली ते अंथरुणातूनच ओरडतात, "माझ्या कॉफीत साखर जास्त घाल गं!"

"ऊठ आणि तूच घाल," हेल्मी चुलीपाशी उभी राहून म्हणते. तिच्या दोन्ही हातांत कप असतात.