पहिला चरण

“दातारबाई, तुम्हाला पाना धरता येतो का?” मुख्याध्यापक गोपाळकृष्ण सरांनी विचारलं.

“मी खडू धरते. त्याबद्दल कुणाची तक्रार आहे का?”

तक्रार नव्हती, ठराव होता. सदाशिव पेठेतल्या त्या शाळेनं प्रत्येक मुलाला कॉलेज आणि नोकरीधंदा, दोन्हींसाठी तयार करायचं ठरवलं होतं. तयार कोणी करायचं, हे ठरावात नव्हतं. संस्कृतचे तास निम्मे झाले आणि बाई ‘अतिरिक्त’ ठरल्या. आता लोणी काळभोरची शाखा, नाहीतर नववीचं नळकाम. बाईंनी लोणीच्या बसची गर्दी पाहिली आणि नळकाम घेतलं.

गल्लीतल्या संभाजी प्लंबरकडे त्या दर रविवारी शिकल्या. वर्गात मात्र त्यांना एकच पद्धत ठाऊक होती, पाठांतराची. नववी ‘ब’ तारस्वरात म्हणू लागली,

“आधी मेन कॉक बंद,
मग नळ उकलावा,
जुना वायसर काढा,
नवा घट्ट बसवावा!”

अनुष्टुभाच्या नियमाप्रमाणे पाचवं अक्षर लघू हवं, पण पहिल्या चरणातलं काही केल्या लघू होईना. त्यामुळे तो चरण बाईंना मनापासून आवडत नसे.

प्रात्यक्षिकाला वर्गाबाहेरचाच नळ निवडला. तो कित्येक वर्षं टप् टप् गळत होता आणि त्याच ठेक्यावर बाई संस्कृतचेही श्लोक म्हणून घेत. संस्थेचे चिटणीस अगदी समोर खुर्ची टाकून बसले. नळ थांबला नाही, तर लोणी नक्की होतं.

बाईंनी पाना लावून जोर केला. नळाचं डोकं हातात आलं आणि पाणी थेट चिटणिसांच्या अंगावर.

“बाई, पहिला चरण राहिला!” ओरडत वर्गातली सलोनी गच्चीवरच्या टाकीकडे धावली. कॉक बंद झाला. उरलेले तीन चरण वर्गानं खणखणीत म्हटले, बाईंनी त्याबरहुकूम वायसर बदलला. सलोनीनं पाणी सोडलं. नळ गप्प.

“चूक तुमची झाली, बाई,” चिटणीस म्हणाले.

“झाली. सुधारली कुणी, ते पाहिलंत ना?”

“चष्म्यावर पाणी होतं, नीट दिसलं नाही. पण ऐकू आलं.” त्यांनी सदरा पिळला. “लोणीचं राहू द्या.”

नववी ‘ब’नं वर्गात धावत जाऊन बाकं बडवली.

दुसऱ्या दिवशी संस्कृतच्या तासाला बाईंनी श्लोक सुरू केला आणि त्या मध्येच थांबल्या. वर्ग अडखळला होता. बाहेर नळ गप्पच होता. बाई क्षणभर दाराकडे कान देऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी पर्समधून पाना काढला आणि टेबलावर हलकेच वाजवला. टप्, टप्.

“हं. म्हणा.”