सूंच्या रकान्यात शून्य

रकाना पहिला: किंमत

एका मासिकात दर महिन्याला माझा एक तक्ता छापून येतो. डावीकडे शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, उजवीकडे त्यांचे गुण. रकाने चार: किंमत, खरखर, सूं, खोली. खरखर म्हणजे ओरखड्यांचा आवाज. ती कोणालाही ऐकू येते. सूं म्हणजे मूळ टेपवरून रेकॉर्डवर उतरलेला, गाण्याच्या मागे वाऱ्यासारखा वाहणारा बारीक आवाज. तो ऐकायला माझ्यासारखा कान लागतो. खोली म्हणजे काय, हे मला अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

मेहुणा मला कानसेन म्हणतो. तो टोमणा आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी ते नाव सदराला देऊन बसलो होतो.

तक्त्यातलं भांडण कायम दोघींचंच. निळ्या पट्टीची कंपनी महाग. ती मूळ टेपवरून रेकॉर्ड काढते, पाकीट जाड पुठ्ठ्याचं. तपकिरी पाकिटाची कंपनी स्वस्त. ती नकलेच्या नकलेवरून काढते आणि तिच्या पाकिटाकडे नुसतं बघितलं तरी कोपरा दुमडतो. एका निळीच्या पैशात चार तपकिरी येतात. गेल्या महिन्यात मी लिहिलं: 'तपकिरीने कात टाकली आहे. सूं: शून्य. आता निळीवर पैसे घालवणं म्हणजे पाकीट ऐकणं.'

'पाकीट ऐकणं' मला इतकं आवडलं की जेवताना मी ते बायकोला दोनदा ऐकवलं.

ते वाचून आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी संगीत कक्षासाठी चाळीस तपकिरी रेकॉर्डची यादी केली. वर्षाचं सगळं अनुदान त्यात जाणार होतं. यादी शनिवारी रवाना व्हायची होती. बुधवारी मला एक पोस्टकार्ड आलं.

'तपकिरीत सूं आहे. भरपूर आहे. आपण ऐकून लिहिता की लिहून ऐकता? आपला, चौकातला घड्याळजी.'

मी तडक त्याच्या दुकानात गेलो आणि सांगितलं, शुक्रवारी वाचनालयात समोरासमोर ऐकू. चुकलो तर सदर बंद. हे बोलायला सोपं गेलं, पण काय पणाला लावलं ते घरी येईपर्यंत कळलं. मला आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती. (हे वाक्य बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं. दोन गोष्टी होत्या.)

रकाना दुसरा: खरखर, घरातली

मध्येच वॉशिंग मशीन आणतोय, पण त्याचं काम आहे.

आमचं मशीन धुणं झालं की पीं पीं करायचं. वर्षभरापूर्वी ते करेनासं झालं. गुरुवारी मी मेकॅनिकला बोलावलं.

"वाजतंय की, साहेब," तो म्हणाला.

"कुठे?"

"हे काय. आत्ता."

"वाजतंय हो," बायको आतून म्हणाली.

मी त्याला दाराशी नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की यंत्रांपाशी काम करून करून माणसाचे कान जातात, एकदा दाखवून घे. तो बिचारा हो म्हणाला. बायको माझ्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, कौतुकाने.

रकाना तिसरा: सूं

शुक्रवारी दुपारी. वाचनालयाची मागची खोली, एक रेकॉर्ड प्लेअर, चार खुर्च्या. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून, पाकीट दिसू नये म्हणून. माझ्या बाजूने बायको. समोरच्या बाजूने घड्याळजी, चाळिशीचा माणूस, भिंग लावून लावून एक डोळा कायम किंचित बारीक. रेकॉर्ड ग्रंथपालबाई लावणार होत्या.

पहिली रेकॉर्ड. मी डोळे मिटले, मान डोलवली.

"अहो, गाणं सुरू व्हायचंय अजून," बायको म्हणाली.

"मी सूं ऐकतोय."

"किती आहे?"

"शून्य. ही निळी."

दुसरी, व्हायोलिन. मी म्हटलं, शून्य. तिसरी, पियानो. मी म्हटलं, शून्य. चौथी, मी म्हटलं, शून्य. मी म्हटलं, शून्य. मी म्हटलं,

रेकॉर्ड अडकलेली नव्हती. मीच अडकलो होतो.

सहावी संपल्यावर घड्याळजीने पाकीट माझ्यापुढे धरलं. तपकिरी, कोपरा दुमडलेला. अकरा वर्षांपूर्वी मीच ती वाचनालयाला भेट दिली होती. मागे पेन्सिलीने, माझ्या अक्षरात: 'सूं: सात. ऐकवत नाही.'

मी गप्प बसायला हवं होतं.

"वाजून वाजून सूं झिजला असेल."

"साहेब," घड्याळजी म्हणाला, "वीस वर्षं घड्याळं उघडतोय. वापरून वापरून आपोआप दुरुस्त झालेलं एकही सापडलं नाही."

तो हसला असता तर मला भांडता आलं असतं.

मग बायकोने पिशवीतून माझी वही काढली आणि तपकिरीच्या सूंचे आकडे जुन्याकडून नव्याकडे वाचले. सात, सहा, सहा, चार, तीन, एक, शून्य. मग निळीचे. दोन, एक, शून्य, शून्य. मग इतर नऊ कंपन्यांचे. सगळ्या उतारावर.

"सगळ्या एकदमच सुधारल्या?" तिने विचारलं. "तीन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, कान दाखवून घ्या."

"कधी?"

"बघा."

"हळू म्हटलं असशील."

डॉक्टरला जे शोधून काढायला फी द्यावी लागली असती, ते मी अकरा वर्षं दर महिन्याला छापून देत होतो, आणि वर त्याचं मानधन घेत होतो.

रकाना चौथा: खोली

"यादी फाडा," मी ग्रंथपालबाईंना म्हटलं. "तेवढ्याच पैशात दहा निळ्या घ्या. सदर बंद. चूक झाली असं छापतो."

बाईंनी यादी फाडली नाही. त्यांनी सभासदांचं रजिस्टर उघडलं.

"संगीत कक्षात रोज नऊ जण येतात," त्या म्हणाल्या. "त्यातला सगळ्यात तरुण एकसष्टचा. यांना सूं ऐकू येणार आहे का?"

मी नाही अशी मान हलवली.

"मग चाळीस मिळत असताना दहा कशाला घेऊ?"

"आणि मी?" घड्याळजीने विचारलं.

"तुम्हाला ऐकू येतं, त्याला वाचनालय काय करणार?"

म्हणजे यादी माझ्याच सल्ल्याप्रमाणे गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, असं म्हणतात. इथे कावळा बहिरा होता आणि फांदी त्याच्या नावावर जमा झाली.

जिन्यात घड्याळजीने मला गाठलं. "सदर बंद करू नका. मंगळवारी दुकान बंद असतं. सूंचा रकाना मी भरत जाईन."

मी विचार करायला एक दिवस मागणार होतो. तीन पायऱ्या उतरेपर्यंत हो म्हणून झालं होतं.

"पण खोली म्हणजे काय हो?" त्याने विचारलं.

"ते माझ्याकडे राहू दे."

या महिन्यापासून तक्त्यात पाचवा रकाना आहे: ऐकणाऱ्याचं वय. माझ्यापुढे मी अठ्ठावन्न लिहिलं होतं. बायकोने लाल पेनाने त्रेसष्ट केलं.

मग मी मेकॅनिकला फोन करून माफी मागितली.

"नाही नाही, साहेब, बरंच झालं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात म्हणून दाखवून आलो. कान ठणठणीत आहेत म्हणाले. डॉक्टर चांगले आहेत. नंबर देऊ?"

मी घेतला. त्याला तो तीनदा सांगावा लागला.