माझ्या माथ्यावरचा श्री

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी माझा डावा कोपरा तुमच्या नजरेत भरेल. पाणी लागून तिथलं लाकूड फुगलं आहे. चिमटा गंजून तांबूस झाला आहे. पाठीवर स्केचपेनने काढलेलं एक मांजर आहे आणि त्याला पाच पाय आहेत. तुमच्या दप्तरात असतं तसंच, पण खूप जुनं, असं मी एक परीक्षेचं पॅड आहे. मी दिसायला देखणा नाही, पण यंदाच्या उन्हाळ्यात माझ्यावरून एक मोठं संकट गेलं आणि टळलं. ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म धाराशिवकडच्या एका गावात, शंभूअण्णा सुतारांच्या हातून झाला. त्यांनी गावच्या शाळेसाठी कपाट केलं होतं. त्यातून उरलेल्या प्लायवूडचा तुकडा त्यांनी घासूनपुसून गुळगुळीत केला, कोपरे गोल केले आणि तालुक्याहून आणलेला चिमटा बसवला. त्यांची मुलगी मुक्ताई तेव्हा दहावीत होती. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. शेवटी त्यांनी एक खिळा चुलीत लाल केला आणि माझ्या माथ्यावर, चिमट्याच्या वर, जपून एक श्री कोरला. कागद लावला तरी तो झाकला जाऊ नये म्हणून चिमटा त्यांनी मुद्दाम जरा खाली घेतला होता.

"कागद कसलाही असो, मुक्ते," ते म्हणाले, "आधी श्री, मग आपण."

मला चटका बसला होता, पण त्याचा मला अभिमानही वाटला. दहावीच्या प्रत्येक पेपराला मुक्ताई आधी त्या श्रीवरून बोट फिरवी आणि मगच पेन उघडी. पुढे बारावी झाली, कॉलेज सुरू झालं. बीएची दोन वर्षं मी तिच्याबरोबर एस.टी.तून येजा केली. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं यायची होती, तेवढ्यात तिचं लग्न ठरलं. मी साड्यांच्या खाली, ट्रंकेत बसून पुण्याला आलो.

मित्रांनो, त्यानंतरच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वारज्याच्या दोन खोल्यांत मी आधी पिठाच्या डब्याचं झाकण झालो. मग पाण्याच्या पिंपावर गेलो. कोपरा फुगला तो तिथेच. मुक्ताईची मुलगी ओवी बालवाडीत जायला लागली, तेव्हा तिने माझ्यावर ते पाच पायांचं मांजर काढलं. "पाचवा पाय पळायचा आहे," असं ती सगळ्यांना सांगत असे. शेवटी मी फ्रिजच्या मागे गेलो. तिथे कुणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. पण माथ्यावरचा श्री शाबूत होता.

मुक्ताई कोथरूडच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जाऊ लागली होती. पोळ्या लाटता लाटता काही वर्षांत सगळी मेस तिच्याकडे आली. गावाहून आलेल्या मुली आधी तिच्याकडेच येत. कुणाला ताप आला, कुणाला घरची आठवण आली, दोघींचं अंघोळीच्या पाण्यावरून भांडण झालं, की हाक यायची, "मुक्तामावशी!" तिथल्या रेक्टर पद्मजाबाई हे सगळं चष्म्यावरून बघत असत. त्या बोलायला फटकळ होत्या. पण त्यांची नजर माणूस बरोबर ओळखी.

एकदा त्या मेसमध्ये चहा घेता घेता म्हणाल्या, "मुक्ताबाई, पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होते आहे. माझ्यानंतर इथे कोण?"

"येईल की कुणीतरी शिकलेलं."

"शिकलेलं येईलच हो. मुलींना सांभाळणारं येईल का, हा प्रश्न आहे. तुम्ही किती शिकलात?"

"बीएची दोन वर्षं झाली होती बाई. मग लग्न झालं."

"तुमची मुलगी नववीत आहे. म्हणजे लग्नाला बराच काळ लोटला. अजून तेच कारण चालतं का?"

मुक्ताईला राग आला आणि हसूही आलं. पद्मजाबाईंनी मात्र तिला गप्प बसू दिलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की घरी अभ्यास करून बाहेरून पदवी घेता येते, आणि तिची जुनी दोन वर्षं धरली जातील. उरलं होतं ते शेवटचं वर्ष. वसतिगृहाच्या संस्थेनेही तिला शब्द दिला: मे संपायच्या आत पदवीचा निकाल दाखवा, रेक्टरची जागा तुमची, नाहीतर बाहेर जाहिरात द्यावी लागेल.

त्या संध्याकाळी फ्रिज पुढे ओढला गेला. मुक्ताईने मला ओल्या फडक्याने पुसलं, श्रीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चल रे बाबा." मित्रांनो, मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

आमचा अभ्यास दुपारचा चाले. भांडी घासून झाली, की मेसच्या लांब टेबलावर ती मला घेऊन बसे. फोडणीचा वास तेव्हाही हवेत असायचा. समाजशास्त्र शिकणारी स्वराली नावाची एक मुलगी तिला प्रश्न विचारी.

"मावशी, 'सामाजिक संघर्ष' म्हणजे काय? उदाहरणासह सांगा."

"तू आणि तुझ्या खोलीतली ती साताऱ्याची पंख्यावरून भांडता, तो."

"हे पेपरात लिहू नका हं! परीक्षकाला वाटेल, वसतिगृह चांगलं नाही."

एप्रिलमध्ये परीक्षा आली. केंद्रावरचे बाक मुलांनी कर्कटकाने कोरून खडबडीत केले होते, त्यामुळे माझी गरज होतीच. तुम्हाला एक नियम ठाऊक असेल. उत्तरपत्रिकेवर नाव, देवाचं नाव, कसलीही खूण करायची नसते. कुणाचा पेपर आहे हे तपासणाऱ्याला कळू नये आणि सगळ्यांना सारखा न्याय मिळावा, म्हणून तो नियम आहे. मुक्ताईला तो पाठ होता आणि पाळणं जडही जात नव्हतं. श्री तर माझ्या माथ्यावर होताच. ती बोट फिरवी आणि कोऱ्या पानावर थेट उत्तर सुरू करी. असे एकेक करत पेपर पार पडले.

शेवटच्या पेपराला नवे पर्यवेक्षक आले. त्यांनी मला उचलून उलटंपालटं केलं.

"मॅडम, यावर काहीतरी लिहिलंय."

"सर, तो श्री आहे. माझ्या वडिलांनी कोरलेला. मागे मुलीचं मांजर आहे."

"श्री असो, मांजर असो. लिहिलेलं पॅड आत चालत नाही. बाहेर ठेवा."

त्यांचं काही चुकलं नाही. नियम तसाच होता. मी व्हरांड्यात, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या यांच्याजवळ भिंतीला टेकून बसलो. आत काय झालं ते मला नंतर कळलं. उत्तरपत्रिका हातात आली. मुक्ताईचं बोट नेहमीसारखं वर गेलं आणि बाकाच्या खडबडीत लाकडावर फिरलं. तिथे काही नव्हतं. मग तिच्या हाताने, तिला न विचारताच, पानाच्या डोक्यावर एक बारीकसा श्री काढला.

पहिलं उत्तर संपल्यावर तिच्या ते लक्षात आलं. घाबरून तिने श्रीवर पेन घासलं, पुन्हा पुन्हा घासलं. साधा श्री होता, त्याची आता खरोखरच संशयास्पद खूण झाली.

बाहेर आल्यावर तिने मला छातीशी धरलं आणि तशीच घरापर्यंत आली. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी पेपरवर श्री लिहिला हो."

उत्तरेश्वर नुकतेच कारखान्यातून आले होते. ते म्हणाले, "मग? शिवी तर नाही ना लिहिली?"

"बाबा!" ओवी म्हणाली. "कुठलीच खूण चालत नाही. पेपर अडकतो."

आणि तसंच झालं. मे महिन्यात निकाल लागला. मुक्ताईच्या नावापुढे गुण नव्हते. 'राखीव' एवढाच शब्द होता. शेवटच्या आठवड्यात तिला विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बोलावणं आलं. कार्यालय येरवड्याच्या बाजूला होतं. येरवड्याला मोठा तुरुंग आहे, हे पुण्यात सगळ्यांना माहीत.

"श्री लिहिला म्हणून थेट येरवडा?" उत्तरेश्वर म्हणाले. पण या वेळी मुक्ताईला हसू आलं नाही. तेव्हा ते तिच्याजवळ बसून हळूच म्हणाले, "जाऊन खरं ते सांग. काय होतंय बघू की."

पद्मजाबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "माझी निवृत्ती पुढे ढकलता येणार नाही. लोक म्हणतील, बाईंना खुर्ची सोडवत नाही. तुम्ही तिथे रडू नका आणि कारणं देऊ नका. झालं ते सांगा. आणि ते पॅड बरोबर न्या."

कार्यालयात एका मोठ्या टेबलामागे तिघे बसले होते. मधले अध्यक्ष वयस्कर होते, केस पांढरेशुभ्र. शेजारी एक मॅडम आणि एक तरुण सर. मुक्ताईचा पेपर समोर उघडा होता.

"ही खूण कशासाठी केलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"खूण नाही सर. सवय आहे."

"सगळे हेच सांगतात," तरुण सर म्हणाले. "आणि सवय होती, तर बाकीच्या पेपरांवर श्री का नाही?"

मुक्ताईने पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. "तेव्हा हे समोर होतं, म्हणून. त्या दिवशी हे बाहेर ठेवायला सांगितलं." मग तिने वडिलांचं, लाल खिळ्याचं, सगळं सांगितलं. ती रडली नाही.

मॅडमनी माझ्या श्रीवरून बोट फिरवलं. बाकीचे पेपर मागवले गेले. ते सगळे स्वच्छ होते. तरीही अध्यक्षांच्या कपाळावरची आठी जाईना. ते काही टिपून घ्यायला वाकले.

मी टेबलावर होतो, म्हणून मला त्यांचा कागद दिसला. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडलोच असतो! पण त्याची गरज पडली नाही. मॅडमचंही लक्ष तिकडेच गेलं होतं.

"सर," त्या ओठांतलं हसू दाबत म्हणाल्या, "जरा तुमच्या कागदाचं डोकं बघता का?"

अध्यक्षांनी पाहिलं. सकाळी बैठक सुरू करताना लिहिलेल्या तारखेच्या वर, पानाच्या अगदी मधोमध, एक सुबक श्री होता.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला आणि ते इतके हसले, की त्यांना पाणी प्यावं लागलं.

"मी हा कधी लिहिला, मलाच आठवत नाही," ते म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी मुक्ताईला सांगितलं, "बाई, नियम योग्यच आहे आणि तो माझ्याहून मोठा आहे. तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. पण लबाडी इथे कुणाला दिसत नाही. निकाल आज लावून टाका."

बसमध्ये मुक्ताईने मला मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून ती रडली. तिच्या अंगावरचं ओझं उतरताना मला जाणवत होतं. मीही हलका झालो. इतका, की पिंपावरची सगळी वर्षं विसरलो.

महिनाअखेरीस पद्मजाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. "सगळ्या किल्ल्या बरोबर आहेत. कोठीची अडकते, तिला शिव्या द्याव्या लागतात," एवढंच त्या म्हणाल्या आणि झटकन वळून चष्मा पुसू लागल्या.

आता मी रेक्टरच्या खोलीत, दाराशेजारी खिळ्यावर टांगलेला असतो. मुली मुक्ताईला मॅडम म्हणायला निघतात आणि मावशी म्हणून मोकळ्या होतात. माझी काही कुणाला गरज नाही, असं मला आधी वाटलं होतं.

मित्रांनो, एखादी वस्तू जुनी झाली, एखादी गोष्ट अर्धवट राहिली, तर ती लगेच टाकून देऊ नका. पुसून कोरड्या जागी ठेवा. पिंपावर तर मुळीच ठेवू नका. कुणाचं तिसरं वर्ष कधी सुरू होईल, सांगता येत नाही. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस पुन्हा पुस्तक उघडून बसलं असेल, तर टीव्हीचा आवाज जरा कमी करा.

काल स्वरालीचा पेपर होता. सकाळी ती घाईघाईत दारातून निघाली, तशी मुक्ताईने तिला हाक मारून थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. स्वरालीने माझ्या माथ्यावरच्या श्रीवरून बोट फिरवलं.

"झालं ना लिहून?" मुक्ताई म्हणाली. "आता तिथे जाऊन पुन्हा लिहू नकोस."