बंद दुकानांचा रविवार

टप्.

नळाखाली ठेवलेल्या पातेल्यात एक थेंब पडला आणि सगळ्या घराला ऐकू गेला. दुपारचे दोन वाजलेत. पियू केजीतून आली, दहीभात खाऊन झोपली. खिडकीतला एसी आत्ताच थांबलाय. बाहेर कुवेतमधल्या अब्बासियाच्या रस्त्यावर उन्हाला भिऊन माणूस नाही. दिवसातून एवढीच काय ती शांतता आमच्या वाट्याला येते, आणि ती पाऊण तासाच्या वर टिकत नाही. तेवढ्यात मला न्यूरेंबर्ग लिहून काढायचंय. दोनदा सुरुवात केली, दोनदा कुकर झाला.

हा नळ महिनाभर ठिबकतोय. आमचे हे पंपांचे मेकॅनिक. अहमदीला कंपनीचे एवढाले पंप एक थेंब गळू देत नाहीत म्हणे, घरच्या वॉशरला मात्र मुहूर्त नाही. पण मी फार मागे लागत नाही. थेंब पडला की मला तिकडची ती विहीर आठवते.

कागदावर मी यांना सुदेश म्हणते. तोंडाने 'अहो'च. कागद काय गुहागरला जाऊन सासूबाईंना सांगणार आहे?

सुदेशना इथे येऊन आठ वर्षं झाली. त्यातली सात खैतानला एका खोलीत सहा जणांबरोबर, बॅचलर म्हणून. लग्न झालेलं असलं तरी इथे बॅचलरच म्हणतात. पियू झाली तेव्हा ते इथे होते. ती आठ महिन्यांची असताना एक महिना आले, मग अडीच वर्षांची असताना एक महिना. गेल्या वर्षी हुद्दा वाढला, फॅमिली व्हिसा मिळाला आणि आम्ही दोघी आलो. विमानतळावर ते हात पसरून उभे होते. पियू माझ्या ओढणीत शिरली ती सात महिने बाहेर आली नाही.

म्हणजे वाईट वागायची असं नाही. पण थेट बोलायची नाही. "आई, त्यांना सांग ना टीव्हीचा आवाज कमी करा." ते शेजारीच बसलेले असायचे. पहाटे पावणेपाचला कंपनीची बस, परत यायला रात्रीचे आठ. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा जेमतेम दुपारपर्यंत झोप काढायची. ओळख व्हायची तरी कधी? सुदेश काही बोलायचे नाहीत. एकदाच भाजी निवडता निवडता म्हणाले, "काय गो, मी तिला कुणीतरी पेइंग गेस्ट वाटत असेन, नाय?" मी हसले. ते हसले नाहीत.

मग कंपनीने त्यांना नव्या पंपांच्या ट्रेनिंगला पाच दिवस जर्मनीत न्यूरेंबर्गला पाठवायचं ठरवलं. सुदेशनी ऑफिसात जाऊन आम्हा दोघींचं वर्षाचं सुट्टीचं गावचं तिकीट बदलून तिकडचं करून घेतलं. ट्रेनिंग संपलं की वर दोन दिवस आम्ही जायचं. म्हणजे यंदा गाव नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्ही काय, भिंतीवरच्या फोटोत बसू." तरी शेवटी म्हणाल्या, "पोरीला टोपी घाल."

समोरच्या दारातल्या आमिनाभाभी मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी त्यांच्या जवेरियाचं लहानपणचं लाल जाकीट काढून दिलं. "बटणं घट केली आहेत. आणि ऐक गो, तिथे जाऊन पोरीला आपल्याच कडेवर घेऊन फिरू नको. त्याच्याकडे दे." त्यांना सगळं ठाऊक असतं. एका जिन्यावरचं काही लपत नाही.

सुदेश तिकडून रोज फोन करायचे आणि एकच सांगायचे. हॉटेलच्या वाटेवर एक खेळण्यांचं दुकान आहे. त्याच्या काचेत एक लाकडी बाहुली टांगलीय, दोरी ओढली की हातपाय वर फेकते. "जुनं गाव आहे, खेळण्यांसाठीच प्रसिद्ध. ती बाहुली दिली ना, की येईल बघ माझ्याकडे." फॅक्टरी गावाबाहेर होती. ते परतेपर्यंत दुकान बंद झालेलं असायचं, आणि तिच्या हातानेच घ्यायची असंही त्यांच्या मनात होतं.

शनिवारी सकाळी आम्ही फ्रँकफर्टला उतरलो. तिथे ते न्यायला आले होते. आगगाडीने न्यूरेंबर्गला पोचून हॉटेलात सामान टाकेस्तोवर दुपार कलली. पियू बुटांसकट झोपली. मी म्हटलं, "दुकानात जाऊन येऊ या का? उठवते तिला."

"कशाला? दमलीय. उद्या निवांत जाऊ. उद्या संडे, कामाचा दिवस. गर्दीपण नसेल."

आणि मी मान हलवली! मीसुद्धा. सात महिन्यांत माझ्याही डोक्यात तेच पक्कं बसलं होतं. रविवार म्हणजे डबा, युनिफॉर्म आणि केजीची व्हॅन.

रविवारी सकाळी मी बरोबर आणलेल्या गूळपोळ्या खाऊन आम्ही निघालो. पियू लाल जाकिटात, डोक्यावर आजीच्या हुकमाची टोपी. बाहेर पडलो तर गावात कुणी नाही. दगडी रस्ते धुतल्यासारखे. उतरत्या छपरांची उंच घरं, छपरात ओळीने बारक्या खिडक्या, खिडक्यांत लाल फुलं. मध्येच नदी, तिच्यावर एक घर पुलासारखं बसवलेलं. आणि सगळीकडून घंटा वाजायला लागल्या, एक थांबली की दुसरी. मला फार छान वाटलं. मी म्हटलं, "किती शांत गाव आहे, नाही?"

सुदेश पुढे चालले होते. दुकानापाशी पोचले, दार ओढलं. परत ओढलं. काचेला नाक लावून आत बघितलं. मग दारावरची पाटी वाचली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "आज यांचा शुक्रवार आहे."

"आज शुक्रवार नाही," पियू मला म्हणाली. "आज संडे आहे. स्कूल असतं."

मला हसू फुटलं. अख्ख्या रस्त्यावर दुकानं बंद, आणि तीन माणसं कुवेतचं कॅलेंडर घेऊन बाजाराला निघालेली! पण सुदेशचं तोंड बघितलं आणि माझं हसू गिळलं गेलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले. काचेच्या आत बाहुली टांगलेली होती. पिवळा झगा, तांबडे गाल, दोरी खाली लोंबत होती. हात पुरेल एवढ्यावर.

"पाच दिवस बघतोय हिला," ते म्हणाले. "उद्या सकाळी सहाची गाडी. आता कुठची मिळायला."

पियू काचेशी गेली, बघून आली. "आई, ते का बसले?"

मी म्हटलं, "त्यांना चालून कंटाळा आलाय." तिने आपल्या जाकिटाच्या खिशातून गूळपोळीचा उरलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. "दे त्यांना."

सुदेशनी तो खाल्ला. खिशातल्या लोकरीसकट.

मग दुसरं काय करणार, बघण्यासारखं म्हणून वरचा किल्ला राहिला होता. चढण चांगलीच होती. तांबूस दगडाचे बुरूज, गोल, जाड. सुदेश म्हणाले, "हा आपल्या गोपाळगडापेक्षा नीट ठेवलाय." मी म्हटलं, "आपल्याकडे समुद्र आहे." किल्ल्यांच्या बाबतीत आपण कुणाला हार जात नाही. अर्ध्या वाटेत पियूने माझ्याकडे हात केले आणि मी आमिनाभाभींना मनात 'माफ करा' म्हणत तिला उचललं.

वर एका लहानशा इमारतीत खोल विहीर होती. तिकीट काढून, घोळक्याने आत सोडतात. दाखवणाऱ्या बाई जर्मनमध्ये बरंच बोलल्या. मग त्यांनी एका भांड्यात पाणी घेतलं, बोटाने सगळ्यांना गप्प केलं आणि पाणी खाली ओतलं.

काही नाही. कुणी श्वास घेत नव्हतं. सुदेश तोंडातल्या तोंडात मोजत होते, "एक... दोन... तीन..."

मग खालून, फार खालून, चपळ्ळ झालं.

माझ्या कडेवर पियू ताठ झाली. गुहागरला आजीच्या विहिरीत दगड टाकून हिने किती बोलणी खाल्ली आहेत. पण तिथे दगड टाकला की लगेच आवाज. हा आवाज यायला एवढा वेळ? तिने इकडे तिकडे बघितलं. मोजणारा माणूस एकच होता. आणि माझ्याकडे न बघता तिने सरळ त्यालाच विचारलं,

"यात बेडूक आहेत?"

सुदेशना आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलंय. मग ते हळू आवाजात, घाबरत घाबरत, मोठ्याने बोललं तर पक्षी उडून जाईल तसं बोलले. "बहुतेक नसतील. आजीची विहीर असते ना, तसल्या सात-आठ विहिरी एकावर एक ठेवल्या तर ही होईल. बेडकाला वर कसं येता येणार?"

"मग पाणी वर कसं येतं?"

अहाहा! मेकॅनिकला बरोबर गिऱ्हाईक सापडलं. पंप म्हणजे काय, पूर्वी मोठं चाक फिरवून पोहरा कसा ओढत असतील, बाबांचं काम काय, सगळं विहिरीच्या कठड्याशीच सुरू झालं. खालचं वर आणणं हेच त्यांचं काम. कुवेतमध्ये पाणी नाही, तेल. तेलाचीपण विहीर असते? असते. त्यात बेडूक? त्यात मुळीच नाही. घोळका बाहेर गेला, त्या बाई दारात किल्ल्या वाजवत उभ्या राहिल्या, आमचं चाललेलंच. बाहेर पडताना पियू खाली उतरली होती आणि सुदेशच्या करंगळीला धरून चालत होती. ते एवढे जपून चालत होते, जणू करंगळीवर भरलेली कळशी ठेवलीय.

मी मागे राहिले. बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. माझे बूट बिननाडीचे होते.

बाजारचौकात आलो तेव्हा बारा वाजत होते. चर्चवरच्या घड्याळात राजा बसलेला आणि त्याच्याभोवती सरदार गोल फिरले. त्यातला पंप कुठे आहे हेही पियूने सुदेशकडून विचारून घेतलं. तिथेच एक कारंजं आहे, देवळाच्या शिखरासारखं उंच, सोनेरी मूर्तींनी भरलेलं. भोवतीच्या लोखंडी जाळीत एक पिवळी कडी अडकवलेली आहे. ती तीनदा फिरवायची आणि मनातलं मागायचं. मुलांना त्यांचे बाप खांद्यावर घेत होते.

"आई, उचल."

मी उचललं. माझी उंची पाच फूट. तिचा हात कडीपासून वीतभर खाली राहिला. टाचा उंच केल्या, तरी नाही. तिने खाली बघितलं, सुदेशकडे बघितलं, परत कडीकडे. आणि मग माझ्या कडेवरूनच तिकडे दोन्ही हात पसरले.

सुदेशनी तिला खांद्यावर घेतलं. कडी फिरली, एकदा, दोनदा, तीनदा. मग तिने वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"नाही सांगायचं," पियू वरून म्हणाली.

"अहो, काय म्हणाली?"

"आमचं आहे ते," सुदेश म्हणाले आणि तोंड वळवून कारंज्याच्या टोकाकडे बघत राहिले. त्यांच्या पापण्या ओल्या दिसत होत्या. कारंज्याचे तुषार म्हणावेत, तर त्या दिवशी वारा आमच्या बाजूचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत ती खाली उतरली नाही. नदीकाठच्या बाकावर झोपली तीही त्यांच्या मांडीवर. दुकानं बंद, त्यामुळे कुणासाठी काही घेणं नाही, कुठे पोचणं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सबंध दिवस तिघांनी मिळून काहीच न करण्याचा हा पहिलाच. परत येताना त्याच दुकानावरून आलो. पियूने खांद्यावरून बाहुलीला टाटा केला. सुदेश थांबलेसुद्धा नाहीत. आमिनाभाभींना मी विमानतळावरून चॉकलेट आणलं. सासूबाईंना गरम मोजे. त्यांना गुहागरात मोज्यांचं काय काम ते विचारू नका.

आम्ही आलो आणि अहमदीला शटडाऊन लागला. सगळे पंप बंद करून उघडायचे, धुवायचे, परत बसवायचे. या दिवसांत सुट्टी नसते, शुक्रवारचीसुद्धा. आज चौथा आठवडा. पियू उठायच्या आत ते जातात, झोपल्यावर येतात. पण ती रोज रात्री आपल्या वाट्याचं एक क्रीम बिस्कीट त्यांच्या डब्यात ठेवते. तेही सकाळी ते बिस्कीट खातात आणि डब्यात एक काहीतरी परत पाठवतात. कधी चकचकीत नट, कधी वॉशर. नुसते वॉशरच तिच्याकडे सतरा जमलेत. माझा नळ ठिबकतोय, आणि उशीखाली सतरा वॉशर!

इथवर लिहिलं आणि

टप्.

पियू दारात उभी आहे. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी, मुठीत एक वॉशर.

"आई, आज संडे आहे?"

"हो."

"बाबा?"

"कामावर गेलेत, राणी. रात्री येतील."

ती माझ्या मांडीवर चढून बसली. कागदाकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. पुढचा थेंब पडेपर्यंत बोटांवर मोजलं. मग माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मी ती कडी बरोबर तीनदा फिरवली होती ना? मग रोज तसला संडे का नाही येत?"