तोंडातले खिळे

माझे दात एकदम गेले नाहीत. एकेक करून गेले, आणि शेवटचा गेल्यावरही मी बरेच दिवस त्याचं काही मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते हिनं.

"तुम्ही बोलता तेव्हा शब्द कमी आणि वाराच जास्त येतो," बायको म्हणाली. "त्या डेंटल कॉलेजात जा. पोरं शिकतात तिथं, पण शिकवणारे मागे उभे असतात म्हणे."

"पोरांच्या हाती तोंड द्यायचं?"

"तुमच्या तोंडात आता बिघडण्यासारखं उरलंय काय?"

उत्तर दिलं असतं तरी ते वाऱ्यातच गेलं असतं. मी गेलो.

दुसऱ्या मजल्यावर 'कृत्रिम दंत विभाग' अशी पाटी होती. जोडाक्षरांना अडखळत ती वाचली. केस पांढरे झाल्यावर सुनेनं मला अक्षरं शिकवली, त्यामुळे पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही. आत एक लांबलचक खोली होती. दोन रांगांत खुर्च्या मांडलेल्या, आणि सगळ्यांवर प्लास्टरची पांढरी भुकटी. माझं सगळं आयुष्य खुर्च्या आणि कोच मढवण्यात गेलं, म्हणून बसण्याआधी मी हात फिरवून पाहिला. रेक्झिन उसवलं होतं, पण गादी चांगली होती.

माझ्या वाट्याला आली ती एक उंच, काटकुळी मुलगी. जवळ येऊन ती म्हणाली, "आदोबा, बशा. तोंल उघला."

मला वाटलं, बिचारीच्या जिभेत काही दोष असेल. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीपाशी उभा असलेला गोल चेहऱ्याचा मुलगा त्याच्या पेशंटला म्हणाला, "दुखलं तल शांगा." पलीकडचीही तशीच. सगळी खोलीच बोबडी. मी उठून घरची वाट धरणार होतो.

मुलीच्या लक्षात आलं. तिनं तोंडातून प्लास्टिकची एक पातळ, गुलाबी प्लेट काढली आणि हसून म्हणाली, "घाबरू नका आजोबा. आमच्या मॅडमचा नियम आहे. ज्याला दुसऱ्याची कवळी करायची, त्यानं दिवसभर टाळूवर ही प्लेट घालून वावरायचं. जेवताना तेवढी काढायची. पेशंटला काय वाटतं ते आमच्याही तोंडाला कळायला पाहिजे म्हणून."

"मग आता घाला परत," मी म्हणालो. "मॅडम बघतील."

"बघितलंच," ती पुटपुटली, आणि पटकन प्लेट आत सरकवली.

मॅडम म्हणजे विभागाच्या मुख्य. बुटक्या, हळू आवाजाच्या. खोलीत त्या कुठं आहेत हे पोरांच्या पाठी किती ताठ झाल्यात त्यावरून ओळखायचं. त्यांनी "ठीक" म्हटलं की पोरं दिवसभर हवेत तरंगायची.

माझ्या वाट्याच्या त्या मुलीला सगळे 'ताई' म्हणत. वयामुळे नव्हे. गेल्या वर्षी तिला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. तिच्या कवळीचा पेशंट अर्धी मापं देऊन जो गेला तो फिरकलाच नाही, आणि ठरलेलं काम पूर्ण नसेल तर परीक्षा नाही हा तिथला कायदा. तिच्या बरोबरीचे पुढे गेले, आणि ती मागच्या तुकडीत येऊन ताई झाली. हे मला गोल चेहऱ्याच्या मुलानं त्याच्या बोबड्या बोलीत सांगितलं (ती बोली मी इथं सरळ करून घेतोय), आणि वर बजावलं, "आजोबा, आजारी पडू नका. लग्नाला जाऊ नका. जिना जपून उतरा. आमच्या ताईचं वर्ष तुमच्या तोंडात आहे."

"गप रे," ताई म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

मापं झाली, साचे झाले. मग तिनं घोड्याच्या नालाच्या आकाराचे मेणाचे दोन पट्टे माझ्या हिरड्यांवर बसवले आणि सांगितलं, "आता नेहमीसारखं मिटा." वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांवर कुठं टेकतात ते त्यावरून ठरतं, त्याला ते 'चावा' म्हणतात, आणि त्याच हिशेबानं दात लावतात. मी मनापासून मिटलं. पोरीचं वर्ष माझ्या तोंडात होतं, हयगय कशी करणार?

पुढच्या खेपेला मेणात दात लावून तयार होते. ते तोंडात बसवून आरशात पाहिलं तर मी माझ्या थोरल्या भावासारखा दिसत होतो. तेवढ्यात मॅडम आल्या. खुर्चीला टेकून त्यांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं, सुनेचं विचारलं, आणि मी बोलता बोलता आवंढा गिळून तोंड मिटलं तसं माझा ओठ बाजूला करून पाहिलं. वरचे दात कुठल्या कुठं पुढे आणि खालचे मागे. मध्ये बोट गेलं असतं.

"हा चावा आजोबांचा नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "पुन्हा घे. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी परीक्षेची यादी बंद होणार होती, आणि तोवर चावा मॅडमना पटला तरच तिचं नाव तीत जाणार होतं.

बुधवारी ती मला घेऊन बसली. मेण गरम करायची, लावायची, म्हणायची, "आजोबा, सैल सोडा." मी जेवढा सैल सोडायला जाई तेवढी हनुवटी पुढे येई. ती म्हणे, "जीभ मागे न्या." जीभ मागे जाई, हनुवटी पुढेच. गोल चेहऱ्याचा मुलगा येऊन माझे खांदे चोळून गेला. दुसरी एक मुलगी मला गाढ झोपेचा विचार करायला सांगून गेली. मेण दरवेळी निराळ्याच जागी मिटे. दातखीळ बसायला दात तरी कुठं होते, पण जबडा अगदी हट्टाला पेटला होता.

"माझंच चुकतंय पोरी," मी म्हणालो. "दुसरा पेशंट बघ. वेळ आहे तोवर बघ."

"दुसरा आता कुठून आणू?" ती म्हणाली, आणि मग घाईनं, "आणि बघायचा पण नाहीये मला."

गुरुवारी मी पोचलो तेव्हा ती खुर्चीजवळ स्टुलावर बसली होती. प्लेट तोंडातच, बोटांनी स्वतःची हनुवटी चाचपत होती. मला पाहून तिनं प्लेट काढली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा निराळा होता.

"आजोबा, माझी प्लेट कालपासून सैल झालीय. पडेल म्हणून मी ती जिभेनं धरून ठेवते, आणि धरली की हनुवटी आपोआप पुढे जाते. मला कळतसुद्धा नाही. तुम्ही काय धरता?"

"मी काय धरणार? तूच तर मेण बसवतेस."

"आत्ता नाही हो. आधी. कामावर असताना तोंडात काही धरायचात का?"

खुर्ची मढवायची तर एका हातात कापड ताणलेलं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे कुठं ठेवणार? तोंडात. मूठभर बारीक खिळे ओठांआड, हनुवटी पुढे काढून, एकेक जिभेनं पुढे सरकवायचा. जन्मभर तेच केलं. तोंडात परकी वस्तू आली की माझा जबडा कामाला लागायचा, आणि हे मला कोणी विचारेपर्यंत माहीत नव्हतं.

मी सांगितलं तशी ती उठून उभीच राहिली. "आणि काम संपल्यावर?"

"काम संपल्यावर काय? उरलेले खिळे डबीत थुंकायचे. मग त्याच खुर्चीत बसून बघायचं. मागे टेकायचं, डोळे मिटायचे. स्प्रिंग बोलतेय का ते ऐकायचं."

"मग आता तेच करायचं."

तिनं खुर्ची मागे झुकवली. मेण बसवलं. आणि "मिटा" म्हणालीच नाही. माझ्या हनुवटीवर दोन बोटं ठेवून म्हणाली, "सगळे खिळे संपले आजोबा. डबी बंद केली. गिऱ्हाईक उद्या येणार आहे. बसा तुमच्या खुर्चीत."

मी डोळे मिटले. पाठीखाली ती उसवलेल्या रेक्झिनची चांगली गादी होती. मी टेकलो, आवंढा गिळला, आणि जबडा कुठंतरी मागे, जुन्या जागी जाऊन बसला. मला वाटलं काहीच झालं नाही. पण ताईचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

तिनं मेण काढलं, परत लावलं, परत खुर्चीत बसवलं. तेच. आणखी एकदा. तेच. मग तापलेल्या सुरीनं दोन्ही पट्टे एकमेकांना चिकटवून टाकले. "आता तोंड उघडू नका हं. मॅडमना बोलावते."

मॅडम आल्या. हातमोजे चढवले, ओठ बाजूला केला, एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, गालावरून बोट फिरवलं. बोबडे सगळे आपापल्या पेशंटकडे बघत असल्यासारखं करत इकडे बघत होते.

"कसं जमलं?" मॅडमनी विचारलं.

ताईनं प्लेटचं सांगितलं, खिळ्यांचं सांगितलं. प्लेट सैल झाली होती हे सांगताना जरा घाबरली. मॅडमनी ती प्लेट मागून घेतली, उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "ठीक. यादीत तुझं नाव घालते." आणि दोन पावलं जाऊन मागे वळल्या. "चांगलं विचारलंस."

ताई थेट शेजारच्या, साचे ओतायच्या प्लास्टरच्या खोलीत पळाली. तिच्या मागून गोल चेहऱ्याचा मुलगा, त्याच्या मागून निम्मी खोली. आतून बोबड्या आवाजांचा एकच गलका उठला. मी एकटा खुर्चीत. मेणानं जबडे एकमेकांना चिकटलेले, आणि तोंड उघडायचं नाही असा हुकूम.

मला पुष्कळ सांगायचं होतं. की आजवर किती जणांना माझ्या खुर्च्यांत बसवलं, पण 'बसा तुमच्या खुर्चीत' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. की तिनं दुसरा पेशंट बघायला नको म्हटलं, ते मी घरी हिला दोनदा सांगितलं होतं. शब्द सगळे तयार होते, आणि वारा तर भरपूर होता. पण तोंड उघडलं असतं तर पोरीची सगळी मेहनत मोडली असती.

ती धावत परत आली. नाकाला प्लास्टरची भुकटी, डोळ्यांत पाणी. "अगबाई आजोबा, तुम्ही तसेच! मी विसरलेच हो!"

मी मान हलवली नाही. फक्त तिचा हात धरला आणि धरून ठेवला, आणि ती "सोडा हो, मेण काढू द्या" म्हणत असतानासुद्धा सोडला नाही.