तिन्ही दिवे हिरवे

सकाळी पहिला फोन एका औषधवाल्याचा आला, तोही भांडायच्या तयारीने. "अहो ताई, माझ्या दुकानातला माल तुमच्या साइटवर घटकेत दिसतो, घटकेत गायब. भुताटकी आहे काय?"

"रिफ्रेश करा," मी म्हटलं. आमच्या धंद्यातला हा रामबाण उपाय. त्याने केलं, माल दिसला, स्वारी गप्प झाली. मीही खुशीत चहा प्यायला गेले. शहाणी ना मी!

आमचं काम सांगायला सोपं आहे. गावातली औषधाची दुकानं आपापला साठा आम्हाला कळवतात. लोक औषधाचं नाव टाइप करतात आणि ते कुठल्या दुकानात मिळेल ते आम्ही दाखवतो. हे शोधायचं काम तीन सर्व्हर मिळून करतात. तिन्ही भाड्याचे, कुठल्या मुलखात आणि कुठल्या इमारतीत आहेत ते देव जाणे. पूर्वी एकच होता, माझ्या टेबलाखाली घरघरत बसायचा. अडला की मी त्याला लाथ घालायचे आणि बऱ्याचदा तो सुधारायचाही. आता लाथ घालायची कुणाला?

दुपारपर्यंत तशाच तक्रारींची रांग लागली. मग मी स्वतः एकच औषध पुन्हा पुन्हा शोधत बसले. सापडलं. सापडलं. 'काही सापडलं नाही.' परत सापडलं. सर्व्हर सांभाळायचा पडदा, म्हणजे कन्सोल, उघडला तर तिन्ही सर्व्हरपुढे हिरवे दिवे, सगळं कसं आलबेल.

"गुरुजी," मी शेजारच्या टेबलाकडे वळले, "काल तुम्ही कशाला हात लावलात?"

गुरुजी आमच्यातले वडीलधारे. शिकवायची हौस दांडगी, म्हणून हे नाव पडलं. "शोध मंदावला होता ना, म्हणून एक सर्व्हर काढून मोठा बसवला," ते म्हणाले. "तोही आधी एकटा चालवून पाहिला, मगच बाकीच्या दोघांत सोडला. भाजी आधी आपण चाखावी, मग दुसऱ्याला वाढावी."

"आणि एकट्याने चाल म्हणून सांगितलेली ती सेटिंगमधली ओळ? काढलीत नंतर?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मला उत्तर मिळालं.

त्या एका ओळीने घात केला होता. नवा सर्व्हर उरलेल्या दोघांना ओळखतच नव्हता. एकटा जीव सदाशिव! स्वतःच राजा, स्वतःच प्रजा, आणि पोटात कुठल्याच दुकानाचा साठा नाही, एक गोळीसुद्धा नाही. बंद पडला असता तर लाल दिवा लागला असता, आम्ही धावलो असतो. पण हा मजेत चालू होता. ज्याचा प्रश्न त्याच्याकडे जाई, त्याला अदबीने सांगत होता, काही सापडलं नाही. नाही म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं!

"एवढंच ना? आत्ता काढतो," म्हणत गुरुजींनी ओळ पुसली आणि बटण दाबलं. कन्सोल म्हणाला, 'बदल सुरू आहे.' मग तो तेच म्हणत राहिला. बाकीची सगळी बटणं करडी पडली. तो सर्व्हर काढता येईना, थांबवता येईना, काही म्हणता काही करता येईना.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. माझी भाची चिंगी परवापासून हॉस्पिटलमध्ये आहे. रक्तात संसर्ग पसरत चाललाय, आणि आज डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते संध्याकाळच्या आत द्यायलाच हवं, नंतरचं काही सांगता येत नाही, असं म्हणाले होते.

"तुझा दादा पोचला का गं? मला त्याचा फोन लागत नाहीये," वहिनीने विचारलं.

"पोचला म्हणजे? कुठे गेलाय?"

"इंजेक्शन आणायला, डोंगरापलीकडच्या शहरात. तिथे एका ओळखीच्याकडे आहे म्हणे. आपल्या गावात एकाही दुकानात नाही ना."

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुझ्या साइटने! मी म्हटलं होतं, खालच्या दुकानात निदान विचारून तरी बघ. तर म्हणाला, माझ्या बहिणीच्या साइटवर नाही म्हणजे कुठेच नाही."

एका हाताने मी इंजेक्शनचं नाव टाइप केलं. सापडलं. गावभरात एकच दुकान, आणि पत्ता त्याच हॉस्पिटलचा, तळमजला.

"वहिनी, खाली जा. पळ! फोन ठेवू नकोस."

जिन्यावरची तिची पावलं ऐकू आली, मग धाप, मग दुकानदाराचा आवाज. "होतं की. सकाळपासून होतं. आत्ता जेवणाच्या आधी एक बाई घेऊन गेल्या. एकच होतं हो, साइटवर कळवायचं राहिलं. सकाळी यायचंत ना."

वहिनी नुसतं "बरं" म्हणाली. मग मला म्हणाली, "पण तुझ्या साइटवर तर..."

"मी बघते," म्हणून मी फोन ठेवला.

दादाचा फोन लागत नव्हता, डोंगरात कधीच लागत नाही. मी सर्व्हरवाल्या कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बदल पूर्ण होईपर्यंत कृपया वाट पाहा.' मी लिहिलं, इथे लोकांचे जीव टांगणीला लागलेत. पुन्हा तेच वाक्य आलं, काना-मात्रेचाही फरक नाही. भिंतीशी बोललेलं परवडलं, ती निदान दिलगीर तरी नसते.

आणि तोवर तो एकलकोंडा कुणाकुणाला नाही म्हणतच होता. "मी साइटच बंद करते," मी म्हटलं.

"साहेबांना विचारायला हवं," गुरुजी पुटपुटले.

"विचारा. तोवर मी बंद करते."

साइट तरी आमच्या हातात होती. ती बंद करून तिच्या जागी मी एकच ओळ टाकली, 'शोध बंद आहे. दुकानात जाऊन विचारा.' गुरुजी मांडीवर हात ठेवून बसून होते. "माझ्यामुळे..." त्यांनी सुरुवात केली, तर मी म्हटलं, "गप्प बसा हो." चिडायलाही अंगात त्राण नव्हतं. मला रडायचं होतं आणि तेही जमत नव्हतं. समोरच्या इमारतीवरचं ऊन पिवळं पडायला लागलं होतं, तेव्हा दादाचा फोन आला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"मिळालं गं! चिंगी कशी आहे?"

"वाट बघतेय. तू कुठे आहेस?"

"अजून डोंगरातच, इथे माथ्यावर कशीबशी रेंज मिळाली. पुढे ट्रक उलटलाय, ही लांबलचक रांग. पण मिळालंय ना, आता काळजी नाही. आणि ऐक, आज तुझ्यामुळे वाचलो बघ. तुझी साइट नसती तर आपल्या गावातली दुकानं पालथी घालत बसलो असतो, सगळी सकाळ गेली असती. साइट नाही म्हणाली तसा लगेच निघालो. मी सगळ्यांना सांगणार आहे, माझी बहीण काय चीज आहे ते!"

गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"हो रे दादा," मी म्हटलं. "रांग हलतेय का?"

"नाही गं," तो म्हणाला. "अजून नाही."